पिवळ्या दिव्याखालची परीक्षा
सोमवारी उत्तरेकडची खिडकी कापडाच्या गठ्ठ्यांनी झाकली गेली, मंगळवारी तिथे पिवळा दिवा लागला आणि बुधवारी त्याच दिव्याखाली परीक्षा झाली. जबाबदार दोघे, गठ्ठे हलवण्यास नकार देणारे व्यवस्थापक आणि निकालावर सही करणारा परीक्षक, म्हणजे मी. परवा कपाटात त्या परीक्षेतल्या रंगपट्ट्यांचा डबा सापडला आणि मानपाड्याच्या रंगाई कारखान्यातली ती दुपार रसायनांच्या आंबट वासासकट समोर उभी राहिली. छटा जुळवण्याचे काम टिकवायचे, तर निळ्यापासून हिरव्यापर्यंतच्या वीस पट्ट्या अचूक क्रमाने लावाव्या लागत. चुकल्यास रवानगी पॅकिंगमध्ये. कोपरच्या कोळी घरातली एक कामगार परीक्षेसाठी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसून दोऱ्यांचे तुकडे लावीत नजर तयार करीत होती. परीक्षेला बसताना दिव्याकडे पाहून ती म्हणाली, “साहेब, या उजेडात बोंबील पन सोन्याचा दिसंल. खिडकी उघडा ना.” व्यवस्थापक म्हणाले, “बाई, नियम सगळ्यांना एकच.” तिची बोटे दोन पट्ट्यांवर बराच वेळ थबकली, त्यांची अदलाबदल झाली आणि मी ‘अनुत्तीर्ण’ असे लिहिले. ती गेल्यावर मी स्वतः त्या दिव्याखाली बसलो; त्याच दोन पट्ट्या माझ्याही चुकल्या, तरी मी तो कागद फाडला नाही. निवृत्तीनंतर रस्त्यांपासून पाण्यापर्यंत शेकडो तक्रारअर्ज लिहिले, हा एकच लिहायचा राहिला होता. ती अजून पॅकिंगमध्येच आहे. व्यवस्थापकांनी खिडकी का उघडली नाही आणि मी गप्प का राहिलो, याचे उत्तर आम्ही दोघांनी तिच्या टेबलापाशी, सर्व कामगारांसमोर उभे राहून द्यावे, अशी माझी मागणी आहे.