काचेमागचं चाक

मला घड्याळ वेळ बघायला लागत नाही. वेळ मोबाइल सांगतो, आणि कोथरूडमध्ये वेळेवर पोचतंय तरी कोण? मला आतलं काम बघायचं असतं. पाठीला काच असलेलं किल्लीचं घड्याळ हातात आलं की ते इवलंसं चाक पुढेमागे झुलताना बघून मी सगळं विसरते. म्हणून बाबांच्या वाढदिवसाला तसंच एक आणलं.

बाबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे नेमकं काय करायचे, हे घरात कोणी विचारलं नाही. आमच्या वसाहतीत तशी रीतच होती. निवृत्तीनंतर ते रोज विश्रांतवाडीच्या बुद्धविहारात जाऊन बसत, एवढंच आम्हाला ठाऊक.

त्यांनी घड्याळ उलटं करून काचेतून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. घड्याळ अलगद टेबलावर ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "पोरीला आत ने."

माझी लेक टेबलाशीच खेळत होती. मला रागच आला. आवडलं नसेल तर सरळ सांगा, नाटकं कशाला, असं मी ऐकवलंही. पण ते दोन्ही हात घड्याळाभोवती आडवे धरून बसले होते. मी तिला आत बसवून आले.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तोफगोळ्याच्या टोकाला घड्याळासारखंच यंत्र असायचं. गोळा सुटला की ते चालू व्हायचं आणि लावलेली वेळ भरली की ते थांबायचं आणि गोळा फुटायचा. त्यातली चाकं बसवण्यात बाबांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. हे साधं घड्याळ आहे, एवढं मलाही कळतं, म्हणाले, पण हात ऐकत नाहीत.

"हे थांबलं की काय होतं?"

"काही नाही, बाबा. पुन्हा किल्ली द्यायची."

त्यांना ते थांबताना बघायचंच होतं. किल्ली थोडीच दिलेली होती. आम्ही दोघं टेबलाशी बसून राहिलो, जेवण गार झालं. चाकाचा झोका लहान होत गेला. काही होणार नाही हे माहीत असून मी त्यांचा हात घट्ट धरला. चाक जेमतेम हललं आणि थांबलं.

बाबांनी चाकावरची नजर हटवली नाही.

"इतकी चाकं बसवली," ते म्हणाले. "थांबली तेव्हा समोर कोण होतं, ते एकदाही बघितलं नाही."