प्लंबरने बुजवलेला झरा

आमच्या गल्लीतल्या प्लंबरला एकच व्याधी: पाणी गळताना बघवत नाही. कुणाकडे सांत्वनाला गेला, तरी आधी न्हाणीघरातला नळ आवळणार, मग डोळे पुसणार. अशा माणसाला म्हातारपणी झऱ्याचा राखणदार नेमायची अक्कल कुणाची, ते मला ठाऊक आहे. पण सांगितलं तर त्यांच्याकडचा चहा बंद होईल.

त्याच्या परसामागे झऱ्यावर पोसलेली दलदल होती. तिथे बोटभर उंचीची, चिकट पानांची, चक्क माशा खाणारी झाडं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई त्याला म्हणाल्या, "काका, अशी झाडं दुसरीकडे कुठे उरली नाहीत. यांचा जीव तुमच्या हातात."

गड्याने ते फारच मनावर घेतलं. बिचाऱ्यांची मुळं दिवसरात्र ओली! त्याने झऱ्याचं तोंड सिमेंटने असं लिंपलं, की थेंब बाहेर येईल तर शपथ.

चार दिवसांत दलदल तडकली, झाडांनी माना टाकल्या. बाई रडकुंडीला आल्या. "काका, झरा बुजवलात?"

"मग! इतकी वर्षं वाहत होता, कुणाला सुचलं का?"

झरा मात्र गप्प बसणारा नव्हता. तो थेट याच्याच स्वयंपाकघरात फरशी उचलून वर आला. वहिनी, म्हणजे याची बायको, स्टुलावर चढून ओरडली, "जन्मभर लोकांची घरं कोरडी केलीत, आता आपल्या घरात पोहा!"

याने धावत जाऊन सिमेंट फोडलं. पण पाण्याला नवं घर मानवलं होतं; दलदलीकडे ते फिरकेना.

बाईंनी हात जोडले. "काकू, झाडं इथे लावू? नाहीतर उद्यापर्यंत जातील."

वहिनीने सुकलेल्या पानांकडे पाहिलं. "लावा. पण राखणदार मी. यांचं पाऊल आत पडता कामा नये."

आता शेगडी ओसरीवर आणि चिखल आत. झाडं अशी तरारली आहेत की माशीची हिंमत नाही घरात शिरायची. वहिनी दारात नवऱ्याची झडती घेते. पाना, पक्कड, सिमेंटची पुडी, सगळं जप्त.

काल हा उंबऱ्याबाहेर कानात कापूस घालून बसला होता. तरी राहवेना.

"अगं, कोपऱ्यातली ती धार जराशी बारीक करू? झाडांना कळणारसुद्धा नाही."

"या की आत," वहिनी म्हणाली. "नाहीतरी आज माशा कमीच पडल्यात त्यांना."