माझ्या नावावरची रायफल

आमच्या घरात एकूण सात हत्यारं होती आणि ती चार जणांच्या नावावर होती. एका परवान्यावर दोनच ठेवता येतात असा कायदा आला, तेव्हा आमच्या मालकांनी वाटणी केली. दोन स्वतःच्या नावावर, दोन दिराच्या. दोन सासूबाईंच्या, आणि सासूबाईंना मोतीबिंदूमुळं ताटातली भाकरीसुद्धा धड दिसत नव्हती. सातवी माझ्या. मला कुणी विचारलं नाही. फोटो काढून घेतला, सही घेतली, आणि "शेतसंरक्षणासाठी" असं अर्जावर लिहिलं.

माझ्या वाट्याला आली ती लिव्हरची रायफल. मालकांनी ती हैदराबादच्या एका जुन्या शिकारी घराण्यातून रीतसर कागद करून आणलेली. अमेरिकन बनावटीची, गुळगुळीत दस्त्याची. तिच्या मापाच्या गोळ्या आता कुठं मिळत नव्हत्या. बंदुकीबरोबर आलेल्या नऊ, तेवढ्याच. म्हणून ती बहुतेक वेळ रिकामीच असायची. तरी मालकांचा जीव बाकी सहांपेक्षा तिच्यावर जास्त. दर रविवारी ओसरीवर सतरंजी टाकून सगळी हत्यारं मांडायचे, चिंधीनं पुसायचे, आणि ही शेवटी हातात घ्यायचे.

"हिच्याकडं बघ," म्हणायचे. "बाकीच्यांचा बोल्ट वर उचला, मागं ओढा, पुढं ढकला. हिला कायच न्हाई. ही कडी खाली ओढायची, वर मारायची. बास."

खट्-खटाक. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कुणी कामाचं बोलायला आलं की मालक बोलता बोलता मध्येच कडी ओढायचे. समोरच्याचं वाक्य तिथंच तुटायचं. मग ते हसायचे, "बोल की बे, रिकामी हाय."

मलाही तो आवाज आवडायला लागला. हे लिहिताना लाज वाटते असं म्हणणं खोटं होईल. एकदा घरात कुणी नसताना मी ती उचलली, मांडीवर घेतली आणि कडी ओढली. सगळं कसं एकमेकांत बसलेलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि त्या घरात माझ्या हातानं हललेली ती पहिली गोष्ट जिचा आवाज बाहेर ऐकू गेला.

पुढं मी मालकांबरोबर शेतावर जायला लागले, परवानेधारकाला हत्यार हाताळता आलं पाहिजे म्हणून. दिवाळी होऊन गेली होती. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागं म्हातारी माणसं आणि शेरड्या. ज्वारी गुडघ्याला लागली होती. मालक जीपमध्ये फोनवर बोलत बसले आणि मी रायफल घेऊन बांधानं निघाले. नाल्याकडच्या बांधावर एक म्हातारी पाठमोरी बसून गवत कापत होती. आमच्याच गावची. मुलगा-सून तोडीवर, हिच्याकडं दोन शेरड्या.

मी दहा पावलांवर थांबले आणि कडी ओढली.

तिच्या हातातला विळा पडला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बसल्या जागी दोन्ही हात वर केले.

"गवतच हाय वो, मालक. शप्पत. गवतच हाय."

मी पुन्हा कडी ओढली. पहिल्यांदा गंमत होती असं म्हणता येईल, दुसऱ्या वेळेला तसं काही म्हणता येत नाही. म्हातारीचं लुगडं ओलं झालं, खालची माती काळी पडली. ती वळली, मला पाहिलं आणि म्हणाली, "बाईसाहेब, तुमी?"

मला हसू आलं. मालक धावत आले, त्यांनी जमीन पाहिली आणि तेही पोट धरून हसले. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "जमलं की तुला!" त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. तो सगळा दिवस मी आनंदात होते.

पाहुणे आले की मालक तो किस्सा सांगायचे आणि म्हणायचे, "कसं केलंस, दाखव." मी चहाचा ट्रे ठेवून दाखवायची.

चैतात तोडीवाले परत आले. म्हातारीची सून अंगणात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सासू शेताकडं जाईना. शेरड्या मातीमोल इकून टाकल्या."

"कावून?" मी विचारलं.

"तुमाला ठाव न्हाई व्हय?"

"दुसऱ्याच्या बांधावर न विचारता गवत कापतात का?" मी म्हणाले.

ती निघून गेली. मी फाटक लावून घेतलं.

त्यानंतर जिल्ह्यातल्या परवान्यांची तपासणी सुरू झाली. आम्हा चौघांना नोटिसा आल्या. बीडला कलेक्टर कचेरीत साहेबांसमोर काय बोलायचं ते मालकांनी मला पाठ करून घेतलं होतं.

"तुम्हाला कोणापासून धोका आहे?" साहेबांनी विचारलं.

"रानडुकरं."

"गोळी कधी झाडलीत?"

"नाही."

"मग रायफल कशाला लागते?"

हे पाठ केलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "धाक राहतो."

साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि लिहून घेतलं. पाच हत्यारं गेली. ठाण्यात शिपायानं लिव्हरच्या रायफलीला सुतळीनं चिठ्ठी बांधली आणि ती कोपऱ्यात फावड्यासारखी टेकवली. मालक तिथंच रडले. सख्खी बहीण गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.

परवा जीप दुरुस्तीला होती म्हणून वडवणीहून बीडला एसटीनं निघाले. गाडी भरलेली. दाराजवळच्या सीटवर तीच म्हातारी बसली होती, पायाला फडकं बांधलेलं. मला बघताच ती दांडीला धरून उठली.

"बसा, बाईसाहेब."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. कंडक्टर म्हणाला, "आज्जे, बस खाली, पडशील."

"न्हाई न्हाई. त्यांना बसू द्या."

मी बसले. बीड येईपर्यंत ती माझ्यापाशी उभी होती.