आधी मी खोटं बोलले

एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन मला बारा वर्षं झाली. आता त्याच दवाखान्यात, गोळ्या न्यायला येणाऱ्या बायांना समजावून सांगायचं काम मी करते. गोळ्या नीट घेतल्या तर माणूस चांगलं म्हातारं होतं, हे सांगायला माझ्यासारखं दुसरं उदाहरण नाही. गोळ्यांची बाटली जीपमध्ये खुळखुळून कुणाला कळू नये म्हणून वरून कापूस कोंबायचा, ही युक्तीही मीच शिकवते.

मग गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी सुरू झाली. एचआयव्ही असल्यानं आपल्याला त्याचा धोका जास्त, पण लवकर कळलं तर टळतो, हे मी पोपटासारखं सांगायची. बाया मान डोलवायच्या आणि गोरेगावची जीप गाठायच्या.

साखरा गावची एक बाई मात्र बसून राहिली. म्हणाली, "ताई, तुमी केली का?"

"व्हय," मी म्हणाले. धडधडीत खोटं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खरं तर मला भीती वाटायची. एका आजाराशी कसंबसं जमवून घेतलं होतं, दुसऱ्याचं नावही ऐकायची माझी तयारी नव्हती.

माझ्यावर विसंबून ती आत गेली आणि थोड्या वेळानं हसत बाहेर आली. "काई न्हाई निघालं. तुमाला बी ते औषध असंच गार लागलं होतं का?"

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. "मी केलीच नाही," मी सांगून टाकलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या हातातलं रजिस्टर घेऊन बाकावर ठेवलं. "मंग चला. मी बसते हितं. जीप गेली तर दुसरी येईल."

आत औषध लावल्यावर एका जागी पांढरा डाग उमटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कॅन्सर नाही, पण तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता. त्यांनी तो तिथंच उष्णता देऊन जाळला. बाहेर आले आणि त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. वर्षानं पुन्हा तपासलं, तेव्हा डाग नव्हता.

परवा ती आपल्यासारख्याच गोळ्या घेणाऱ्या दोघींना घेऊन आली. दोघी दाराशीच घुटमळत होत्या.

"यांना इचारा," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. "ह्या आता खोटं बोलत न्हाईत."

मी मान खाली घालून केसपेपर काढायला घेतले.