चादरीचं पेज वजनावर लावलं तेव्हा

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. स्नेहल वहिनींनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"मामा, रोज माणसं पेजवर येतात आणि तशीच जातात. दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर चादरी काढून टाकते, नुसते टॉवेल आणि बेडशीट ठेवते."

वहिनी म्हणजे आमच्या मालकांच्या सूनबाई. ऑनलाइन दुकान त्याच बघतात. मी चौथी शिकलेला, पण सोलापुरात याच दुकानाच्या काउंटरवर माझी बेचाळीस वर्षं गेली. चादर डोळे मिटून ओळखतो. दुकानात चढलेल्या माणसाला मी चहा पाजून बसवतो. ही माणसं कुठनं येतात आणि न बोलता कुठं जातात, काय कळेना.

कॅटेगरी पेज म्हणजे दुकानाची एक भिंत समजा. एका जातीचा सगळा माल तिथं एकत्र दिसतो. ती भिंत मीच लावायला सांगितली होती. वहिनी म्हणत होत्या, रंगावर लावू. मी म्हणालो, रंग बघून कोण चादर घेतं? आमचे रॅक असतात तसंच लावा. आधी वजन, म्हणजे सव्वा किलो, दीड किलो. त्याखाली डिझाइनचा नंबर. माढ्याचे, पंढरपूरचे व्यापारी तेवढंच बोलतात आणि गठ्ठा उचलतात. वहिनींनी माझं ऐकलं. त्याचंच हे झालं होतं.

मी म्हणालो, पेजात दोष न्हाय, लोकांनाच कळत न्हाय.

वहिनी हसल्या. करकंबच्या माझ्या बहिणीला जावयाला द्यायला चादर पाहिजे होती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "मग अक्कांची चादर पेजवरनंच मागवा. रॅकला हात लावायचा नाही."

त्यात काय, म्हणून मोबाइल घेतला. दीड किलो दाबलं. खाली चादरीच चादरी, सगळ्या सारख्याच. माझा अंगठा आपोआप काठ चोळायला गेला, तर नुसती काच. एरवी नंबर मला हातात चादर आली की आठवतो. फोटो बघून एकही आठवेना. तासाभरानं जरा भरजरी दिसली ती मागवली. वहिनींनी पार्सल मुद्दाम माझ्याकडूनच फोडून घेतलं. आत जाड, खरबरीत चादर. ट्रकवाले सीटवर टाकायला नेतात ती.

"जावई खूश होतील की, मामा," वहिनी म्हणाल्या.

मी दोन दिवस कॉम्प्युटरकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, नवीन गिऱ्हाईक आलं की तुम्ही पहिलं काय विचारता? मी सांगितलं, अंथरायला पाहिजे, पांघरायला, का कुणाला द्यायला? मग त्या कामाच्या तीनच चादरी काढतो. जास्त काढल्या की माणूस गोंधळतो.

त्यांनी वजन खाली ढकललं आणि वर हेच तीन भाग केले. काठाचे जवळनं फोटो काढले.

चादरी जायला लागल्या. पण तिथंही माझं डोकं चालेना. बायका 'द्यायला'मधून घेतात आणि फोनवर सांगतात, घरातच वापरायला घेतली. मग तसं का दाबलं? वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या मामा, घेतात ना?

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, चादरी राहतील. मला लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी रॅकवरच्या वजनाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि पेजसारखं सगळं लावलं. अंथरायला, पांघरायला, द्यायला. दहाला माढ्याचा जुना व्यापारी आला.

"मामा, दीड किलोची बेचाळीस नंबर काढा."

मी या रॅकपासून त्या रॅकपर्यंत शोधत राहिलो. तो म्हणाला, "मामा, वय झालं व्हय?"

व्यापाऱ्याची भिंत वेगळी, घरच्या माणसाची वेगळी, एवढं त्या दिवशी कळलं. त्याला चहा सांगितला आणि चिठ्ठ्या परत चिकटवायला बसलो.