दोन चिंचांखालची जागा

मी न्यूझीलंडला निघाले त्या दिवशी टेम्पोवाल्यानं गाडी चालूच ठेवली होती. पप्पा अंगणातून ओरडले, "इंजिन बंद कर रे, प्रार्थना व्हायचीय अजून!" आमच्याकडे प्रार्थनेशिवाय कुणी राहुरीच्या बाजारालाही जात नाही, मी तर समुद्रापार चालले होते. पप्पांच्या शाळेच्या क्वार्टरपुढं सगळी आळी डोळे मिटून उभी राहिली. पलीकडच्या शेतातले तात्या ख्रिस्ती नाहीत, पण तेही टोपी काढून उभे. आमेन झाल्यावर पप्पा एवढंच म्हणाले, "कुठंही राहा, नाताळाला घरी ये." आमचं गाव, देवळाली प्रवरा, मागे पडलं तरी आईनं दिलेला करंज्यांचा डबा मी मांडीवर धरून बसले होते.

तिकडे मी नर्स. रोस्टर, नाइट शिफ्ट, बर्फासारखं पाणी, आणि हळूहळू सगळ्याची सवय. सिटिझनशिप घेतली तीसुद्धा फार विचार करून नाही. वॉर्डातल्या सगळ्या घेत होत्या, मीही घेतली. शपथेला पैठणी नेसून गेले. तो फोटो पप्पांनी चर्चमध्ये प्रत्येकाला दाखवला. त्या शपथेनं आपण काय घालवलं, हे तेव्हा ना त्यांना कळलं ना मला.

पप्पा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि दोघं पुण्याला भावाच्या फ्लॅटवर गेले. पहिल्याच नाताळात पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, फराळाचं ताट भरून दाराशी खुर्ची टाकून बसले. गावात नाताळची गाणी गात कॅरोलची मंडळी दारोदार येतात, ढोलकी वाजते, घरातला मोठा माणूस बाहेर येऊन ताट पुढं करतो. चौथ्या मजल्यावर कोण येणार, कप्पाळ? मी सुट्टीवर आले होते, तिथंच उभी होते. शेवटी आईनं ते ताट उचललं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माझ्या वॉर्डातल्या बायका समुद्राकाठी सुट्टीतली घरं घेतात. मी म्हटलं, मी पण घेणार, पण आपल्या गावात! दोन खोल्या, पुढं अंगण, आणि दार असं की त्यात कॅरोलची मंडळी मावली पाहिजेत. तात्यांच्या शेतात पाटाच्या कडेला दोन चिंचा आहेत. पप्पांनीच शाळेतल्या पोरांना घेऊन लावलेल्या. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "गुर्जी, झाडं तुमचीच हायेत, खालची जागा बी घ्या की! त्यात विचारायचं काय?"

मग एका डिसेंबरात आम्ही पुण्याहून गावी आलो, आईला तात्यांच्या घरी ठेवलं आणि पप्पा, तात्या नि मी राहुरीला वकिलाकडे गेलो. पप्पांनी त्याच्या ओट्यावरच प्रार्थना केली, तात्यांनी टोपी काढली. वकील भला माणूस. माझा पासपोर्ट बघितला आणि चष्मा काढून म्हणाला, "ताई, तुम्ही परदेशी नागरिक आहात. शेतजमीन तुम्हाला घेता येत नाही."

कुणीतरी कानाखाली मारावं तसं झालं मला. परदेशी? मी? अहो, त्या पाटात मी पोहायला शिकले! परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मी पुढं केलं. तो म्हणाला, "शहरात फ्लॅट घ्या, शेतजमीन नाही." बिगरशेती करून घेतली तर? "पाटाला लागून आहे, परवानगी मिळायची नाही." गावठाणात तर पाय ठेवायला जागा उरलेली नाही, हे आम्हालाच ठाऊक होतं.

"मग गुरुजींच्या नावावर करा," वकील म्हणाला. "सातबारा असेलच कुठंतरी?"

पप्पा म्हणाले, "नाही. मी शिक्षक होतो. वडील मिशनच्या बंगल्यावर माळी होते."

वकिलानं पासपोर्ट मिटून माझ्याकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाला, "शेतकरी नसेल त्यालाही शेतजमीन घेता येत नाही, गुरुजी."

तात्या ताडकन उठले. "आवो काय बोलताय? आख्खं गाव ह्यांच्या हाताखाली शिकलं! मला सही यांनी शिकवली! हे गावचे न्हाईत तर मंग कोन हाय?" कायदा वकिलानं थोडाच केला होता. माझं राहू द्या, मी तर पैठणी नेसून शपथ घेऊन आले होते. पण पप्पा? ते तर कुठंच गेले नव्हते.

परतताना तात्या जीप चालवत होते. मग पप्पांनी एकदम विचारलं, "बाळा, तुमच्या तिकडं मला घेता येईल का गं, एखादी खोली?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण पप्पांशी खोटं बोलायची सवय नाही. "नाही पप्पा. तिकडेही परक्यांना घर विकत नाहीत."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसू येईना. तात्यांनी जीप गावात न नेता पाटाच्या रस्त्याला घातली आणि चिंचांखाली उभी केली. "इकायला बंदी हाय," ते म्हणाले, "बसायला न्हाई. उतरा." त्या संध्याकाळी त्यांनी चिंचेला वायर टाकून नाताळची चांदणी लावली, चर्चमध्ये निरोप धाडला, आणि कॅरोलची मंडळी ढोलकी घेऊन उसाच्या बांधावरून आली. आईनं मिळेल त्या ताटात फराळ मांडला. पप्पा ताट घेऊन दोन खोडांच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दार तिथं असतं तर जिथं उभे राहिले असते, तिथंच.

तुम्ही गावी राहिलेले असा की माझ्यासारखे गेलेले, मला विचारू नका घर कुठं आहे. कागदावर मी तिथली, पप्पा कुठलेच नाहीत. आता दरवर्षी डिसेंबर लागला की पुण्याहून त्यांचा फोन येतो. आवाज तोच, अंगणातून टेम्पोवाल्यावर ओरडणारा. "तात्यानं चिंचेला चांदणी लावली बरं का. आम्ही निघालो घरी. तू कधी येतेस?"