मरणाऱ्या नाकतोड्यांचं रक्त

वासंती घरत गेल्याचं मला कळलं ते प्राणिशास्त्र विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. विभागप्रमुखांनी ‘अपरिमित हानी’ लिहून हात जोडले होते आणि लगेच खाली विचारलं होतं, सोमवारची तिची प्रॅक्टिकल्स कोण घेणार? दीड महिना झाला, तो मेसेज मी पुसलेला नाही. किळस ताजी राहते.

वासंती जासईची, मिठागरवाल्या घरातली. पनवेलच्या कॉलेजात आम्ही वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. तिचा विषय एवढासा. नाकतोडा लांब उडायला लागला की मेंदूमागच्या ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं, त्यामुळे साठवलेली चरबी रक्तात उतरते आणि पंखांना बळ मिळतं. हे केव्हा, किती घडतं, ते ती मोजायची. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जाळीच्या पेट्यांत तिने नाकतोडे पाळले होते. “मॅडम, आमच्या ढेरीवर काही इंजेक्शन निघालं का?” असं पोट थोपटत विचारणारे प्रमुख स्वतः एकाच पिवळ्या पडलेल्या वहीतून जन्मभर शिकवत आले होते. त्यांच्या विनोदाला सगळे हसत. मीही...

एकदा तपासणी समिती यायची होती. प्रमुखांना प्रयोगशाळा चकचकीत हवी होती, ‘किडे-बिडे’ नको होते. वासंती सकाळपुरती रजेवर होती. फवारणीवाला आला, किल्ली माझ्याकडे होती. “तिला विचारू या का?” एवढंच मी प्रमुखांना म्हणालो.

“झुरळांना विचारता का तुम्ही?”

मी दार उघडून दिलं.

दुपारी ती आली तेव्हा बहुतेक नाकतोडे मेले होते. काही उताणे पडून पाय झाडत होते. मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, “माफी नंतर माग. आधी नळ्या धर. विषाशी झगडतानाही हे चरबी काढतायत का, बघू दे.” एकेकाच्या मानेतून तिने रक्ताचा थेंब काढला. हात स्थिर होता, डोळे वाहत होते. रक्तात चरबी वाढलेली निघाली. मग सुकापूरच्या आपल्या घरी नवे नाकतोडे आणून, विष मोजून देऊन, तिने सगळं पुन्हा तपासलं. शोधनिबंध स्वीकारला गेला, तेव्हा प्रमुखांनी पहिलं नाव स्वतःचं मागितलं. “सर, पहिली फवारणी तुमची होती, हे आभारात लिहिते,” ती म्हणाली. आणि खरंच लिहिलं. त्यानंतर तिची बढती अडकली ती कायमची.

शोकसभेत याच गृहस्थांनी तिला ‘विभागाची शान’ म्हटलं. मी उठलो, फवारणीचं सांगितलं, दार कोणी उघडलं तेही सांगितलं. समोसे आले, मंडळी उठली. इतकी हलकी माणसं, आणि त्यांच्यात वीस वर्षं रमलेला मी त्यांच्याहून हलका.

परवा सुकापूरला तिच्या आईकडे गेलो. खिडकीत आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत गव्हाची हिरवी पाती उगवली होती. नाकतोड्यांचा चारा, रोज एक डबा पेरायची वासंतीची सवय.

“किडे सोडून दिले मी,” आई म्हणाल्या. “पन गहू पेरल्याबिगर आमाला करमत नाय.”

त्यांनी कात्रीने पाती कापली, वाटीत भरली आणि वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.